पालथी पडून ऐकलेले पिक्चर

डोळ्याच्या पडद्याचं ऑपरेशन झाल्यावर डॉक्टर पालथं झोपायला सांगतात. मान वर करायची नाही, पाठीवर वळायचं नाही, जेवायचं तेसुद्धा खाली बघून. मला हे सांगितलं तेव्हा वाटलं, हे माणसाला जमेल का? जमतं. उद्या ज्यांना हे करावं लागेल त्यांच्यासाठी लिहितेय. घरच्यांनी त्यांना हे मोठ्यानं वाचून दाखवावं. त्यांना स्वतःला वाचता येणार नाही, हे मला चांगलं माहीत आहे.

मी अंबाजोगाईत बायकांचे ब्लाऊज शिवते. घराच्या पुढच्या खोलीत मशीन आहे. मिस्टर एस.टी.त ड्रायव्हर. मुलगी लग्न होऊन नांदेडला. माझं व्यसन एकच, हिंदी पिक्चर. नवीन पिक्चर लागला की शेजारच्या रेहानाला घेऊन मी दुपारच्या शोला जाणार. रेहानाच्या नवऱ्याचा फळांचा गाडा आहे, त्यामुळं इंटरवलला आमच्याकडं पॉपकॉर्न नसतं, मोसंबी असते.

मापं देता देता गिऱ्हाईक बायका मला विचारायच्या, "काकू, हा पिच्चर बघण्यासारखा हाय का?" मी सांगायचे ते परखड. गावातली गरीब मुलगी दाखवायची आणि तिच्या ब्लाऊजला काखेत घामाचा डाग नाही, एक टाका उसवलेला नाही, असा पिक्चर मी पहिल्या पाच मिनिटांत नापास करते. उभं आयुष्य दुसऱ्यांचे दंडघेर मोजण्यात गेलेल्या बाईला कोण फसवणार?

काळोख

त्या दिवशीचा पिक्चर हरवलेली मुलगी शोधणाऱ्या पोलिसाचा होता. असले पिक्चर मला मुळात पसंत नाहीत. सगळ्यांच्या घरात एकच बल्ब, तोही मिणमिणता. पोलीस स्टेशनात अंधार, दवाखान्यात अंधार, भर दुपारी स्वयंपाकघरात अंधार. गंभीर गोष्ट सांगायची म्हणजे दिवे घालवायचे, असं या लोकांनी ठरवूनच टाकलंय. इंटरवलनंतर मी रेहानाला म्हणाले, "बघ, आता तर खालचा निम्मा पडदाच काळा केलाय. काही दिसंना गेलंय."

रेहाना म्हणाली, "न्हाई वैनी. उन्हाचा सीन हाय की. पूर्ण शेत दिसायलंय."

माझा डावा डोळा लहानपणापासून मंद. त्याला फक्त उजेड आणि आकार कळतात. सगळी भिस्त उजव्यावर. मी उजवा झाकला, तर धूसर पण आख्खा पडदा दिसला. डावा झाकला, तर खालून काळं पाणी चढत आल्यासारखं. तरी पिक्चर संपेपर्यंत बसले. ती मुलगी सापडते का, ते बघायचं होतं. सापडली नाही. आजकाल सापडतच नाहीत.

पडदा

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्टर मुक्कामाची गाडी घेऊन परत आले, तसे तडक गावातल्या डोळ्यांच्या डॉक्टरबाईंकडे गेलो. त्यांनी डोळ्यात थेंब घातले, बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "पडदा सुटलाय. आजच्या आज लातूरला जा."

मिस्टरांनी लगेच विचारलं, "हे पिच्चर बघूनच झालं ना, मॅडम? म्या किती डाव सांगितलं हिला."

"पिक्चर बघून कुणाचा पडदा सुटत नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "यांच्या चष्म्याचा नंबर मोठा आहे, अशांना हा धोका असतो. मला सांगा, ठिणग्या दिसत होत्या का? डोळ्यापुढं चिलटं उडाल्यासारखी?"

दिसत होती. लग्नसराई होती, ब्लाऊजांचा ढीग होता. मला वाटलं, जागरणानं होत असेल. तेवढं एक लक्षात ठेवा. ठिणग्या, चिलटं, कडेनं चढणारी सावली, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी डोळे दाखवा.

लातूरच्या गाडीत मला खिडकी मिळाली. शेजारची जागा रिकामी होती. मिस्टर बसायला लागले तर मी म्हणाले, "बसू नका. तिथं पुढं उभे राहा, दांड्याला धरून."

"कावून?"

"मला तुमचं तोंड दिसू द्या."

दुसरा कुठला दिवस असता तर हसले असते. त्या दिवशी पुढं जाऊन दांडा धरला. ज्याला रोज एस.टी. चालवायची सवय, तो माणूस लातूर येईपर्यंत गाडीच्या मधल्या वाटेत उभा राहिला, आणि मी काळ्या पाण्याच्या वर उरलेल्या जागेतून त्यांच्याकडं बघत राहिले. दाढी दोन दिवसांची होती. कपाळावरची एक आठी मी आधी कधी पाहिलेली नव्हती.

फरशी

ऑपरेशनचं मी फार सांगत नाही. डोळ्यात हवा भरतात. हवा वर जाते, म्हणून डोकं खाली ठेवायचं, म्हणजे ती हवा मागच्या पडद्याला दाबून धरते. एवढं कळलं तरी पुरे. खरा आजार त्याच्यानंतर सुरू होतो, आणि तो मानेत असतो.

मधे भोक असलेली गादीसारखी उशी लागते, ती खाटेच्या कडेबाहेर काढून ठेवायची, म्हणजे भोकातून खालची फरशी दिसते. दवाखान्यातली माझ्या हनुवटीला टोचायची. मी रेहानाला फोनवर सांगत गेले आणि तिनं जुन्या दुलईचा कापूस भरून चुंबळीसारखी गोल उशी शिवून पाठवली. टाके वाकडेतिकडे होते, बोटांना कळायचे. पण हनुवटी दुखायची थांबली. तुमच्या घरात कुणाला शिवता येत असेल तर आधीच करून घ्या.

उजव्या डोळ्यावर पट्टी, डाव्याला धूसर फरशी. माणसं म्हणजे पाय आणि आवाज. नर्सच्या चपला चुरचुरायच्या. डॉक्टरांचे बूट दोन क्षण थांबायचे आणि जायचे. चहा नळीनं प्यायचा. रडता येत नाही असं नाही, पण रडलं की सगळं नाकातून खाली टपकतं आणि मग स्वतःचाच राग येतो.

पिक्चरमधे आजारी बाई कशी असते? केस मोकळे, उशीवर पसरलेले, गालावर एकच थेंब, खिडकीतून वारा. तिच्या तोंडातून लाळ गळत नाही. तिला संडासला कोण नेतं, हे कधी दाखवत नाहीत. मला मिस्टर न्यायचे. माझी मान खाली, यांचा हात माझ्या दंडाला. "पायरी हाय. आता वळण. सरळ." प्रवाशाला सांगावं तसं.

शेजारच्या खाटेवर पाटोद्याकडच्या एक आजी होत्या. त्याही पालथ्या. आम्ही एकमेकींचं तोंड कधीच पाहिलं नाही. दुपारी मिस्टर माझ्या खाटेखाली फरशीवर मोबाईल ठेवून पिक्चर लावायचे, तो दोघी ऐकायचो. एक मारामारीचा होता. हिरोच्या बापाला कुणीतरी मारलेलं, म्हणून हिरो तीन तास सगळ्यांना मारतो. गोळ्या, काचा, हाडं मोडल्याचे आवाज. आजी शांतपणे ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "बाई, एवढ्या माणसायला मारलं त्यानं. त्यायच्या घरी कुणी रडंना गेलंय का?"

मी आयुष्यभर पिक्चरवर मतं दिली, पण आजकालच्या मारधाडीच्या पिक्चरबद्दल याहून खरं मत माझ्याकडं नाही. आजींना आमच्या आधी घरी सोडलं. जाताना त्यांचा हात माझ्या पाठीवरून फिरला. तेवढीच ओळख.

कानानं

घरी आल्यावर दिवस मोठे झाले. मिस्टरांनी रजा टाकली होती. पुढच्या खोलीत गिऱ्हाइकांचं न कापलेलं कापड तसंच पडलेलं. बायका येऊन दारातच हळू आवाजात यांना विचारायच्या, "काकूला दिसंल ना?" त्यांना वाटायचं मला ऐकू येत नाही. पालथ्या माणसाला सगळं ऐकू येतं.

भीती एकाच गोष्टीची होती. पट्टी निघेल आणि फरशी तशीच धूसर राहील. मग सुईत दोरा कोण ओवणार?

भीती विसरायला पिक्चर. जे थिएटरात हुकले होते ते सगळे मोबाईलवर ऐकले. आणि मला कळायला लागलं की आजकालचे पिक्चर ऐकण्यासारखे नसतातच. हिरो बोलत नाही, घोगरा होऊन पुटपुटतो. हिरॉईनची वाक्यं हाताच्या बोटांवर मोजावीत, त्यातली निम्मी हिरोचं नाव. दुःख झालं की व्हायोलिन, भीती वाटली की ढम्म. मला काय वाटायला पाहिजे हे बाजाच सांगतो, मला वाटायला जागाच ठेवत नाही. गाणं सुरू होतं आणि कुणीतरी बोलायला लागतं, गाणं आपलं रस्त्यावरून टेम्पो जावा तसं निघून जातं. छोट्या गावातले पिक्चर म्हणाल, तर तिथं आजी, नातू, चहावाला, मास्तर सगळे एकाच सुरात टोमणे मारतात. आमच्या गावात इतकं हजरजबाबी कुणी नाही. निम्मी माणसं प्रश्न विचारला की आधी "आँ?" म्हणतात.

पण अडचण दुसरीच होती. मधेच सगळं शांत व्हायचं. कुणी बोलेना, बाजा वाजेना. त्या शांततेत पडद्यावर काहीतरी मोठं घडत असायचं आणि मी फरशीवर. ती शांतता मला सहन व्हायची नाही. एकदा मी म्हणाले, "अहो, सांगा ना काय चाललंय."

"मला काय कळतंय पिच्चरमधलं?"

"दिसतं ते सांगा."

मिस्टर पिक्चरचे शत्रू. लग्नानंतर एकदाच आले होते, ते सुरुवातीच्या नावांच्या पाट्या संपायच्या आत घोरायला लागले. ते मोबाईल हातात घेऊन बसले आणि सांगायला लागले, "गाडी घाटातून उतरायली. ड्रायव्हर नवा दिसतो, उताराला न्यूट्रल केलीय. रस्ता ओला हाय. उजव्या हाताला दरी."

"आत कोण बसलंय?"

"एक बाई."

"कशी आहे? नेसलंय काय?"

"साडी."

"अहो, कसली साडी? रंग?"

"आपल्या लाल डब्ब्याला नवा रंग दिल्यावर असतो, तसला."

मी हसले. ऑपरेशननंतर पहिल्यांदा. हसताना मान हलली म्हणून ओरडाही खाल्ला.

भांडण

रोज असं गोड चालत नव्हतं. पालथ्या माणसाची चिडचिड होते, आणि त्याला सांभाळणाऱ्याची जास्त होते, पण त्याला ती दाखवायची सोय नसते. एका संध्याकाळी मी तिसऱ्यांदा म्हणाले, "नुसतं 'बसलाय' काय सांगता? कसा बसलाय?" आणि यांनी मोबाईल आपटला.

"तुला पिच्चरचं पडलंय! इकडं मला झोप न्हाई. तुझा डोळा गेला तर काय करायचं, ह्याचा इचार करून करून डोस्कं फुटायलंय माझं. आन् तू इचारायलीस, कसा बसलाय! बसलाय माझ्यासारखा. डोकं धरून!"

ते बाहेर निघून गेले. दारात रेहाना होती, तिनं सगळं ऐकलं असणार. ती आत आली, जमिनीवर उताणी झोपली आणि माझ्या खाटेखाली सरकून खालून वर माझ्याकडं बघायला लागली. पट्टीच्या बाजूनं मला तिची ओढणी आणि दात तेवढे दिसले.

"वैनी," ती म्हणाली, "भाऊजी कट्ट्यावर बसून रडायलेत. म्या काय न्हाई बोलले. तुमीबी बोलू नका."

मी बोलले नाही. रात्री यांनी भाकरी कुस्करून दिली. मग यांनीच मोबाईल उचलला. "कालचा अर्धा राह्यलाय," म्हणाले.

ती बघत होती

तो पिक्चर कुणाला फार आवडलेला नव्हता. रेहानाच्या बहिणीनं तर मधेच बंद केला होता. एक नवरा-बायको रस्त्याकडेला खानावळ चालवतात. नवरा रोज पहाटे तालुक्याला भाजी आणायला जातो. एवढंच. मारामारी नाही, परदेश नाही, कुणाचा सूड नाही. मला तो कानानं पूर्ण दिसला. कांदा चिरल्याचा आवाज, झाकण पडल्याचा, बायको चिडून कपडे झटकते त्याचा. ज्यानं केला त्याला घर माहीत असणार. माझं मत विचाराल तर आजकालच्या पिक्चरमधे हा एक पास.

शेवटाकडं शांतता आली. मी वाट बघितली. मिस्टर काहीच बोलेनात.

"काय झालं?"

"काई न्हाई. त्यो निघालाय. पिशवी घेतली. ती दारात उभी हाय."

"मग?"

"बघायली त्याच्याकडं."

"कशी?"

मला वाटलं, चिडले. मग आवाज आला, हळू.

"तू बघायचीस तशी. नवं नवं असताना. म्या डबा घेऊन ड्युटीला निघायलो तवा. म्या वळून बघायचो न्हाई, पण मला म्हाईत असायचं, तू दारात हायस."

मी फरशीकडं बघत होते. इतक्या वर्षांच्या संसारात यांनी असं वाक्य उच्चारलं नव्हतं. आणि उच्चारलं ते अशा वेळी, जेव्हा मला यांचं तोंड बघता येत नव्हतं. उठावं, हवा जाऊ दे, डोळा जाऊ दे, पण एकदा वर बघावं, असं इतकं आतून आलं की मी खाटेची कड दोन्ही हातांनी धरून ठेवली. लोक विचारतात, पालथं झोपण्यात सगळ्यात अवघड काय? मान नाही, भूक नाही. हे.

"पुढं सांगा," एवढंच म्हणाले.

"संपला," ते म्हणाले. "नावं यायलीत."

हवा उतरली

पट्टी निघाली तेव्हा आधी नुसतं पाणी दिसलं. मग पाण्यात एक रेघ. ती रोज थोडी थोडी खाली सरकायची आणि तिच्या वर जग दिसायचं. डोळ्यातली हवा विरते तसं होतं, घाबरू नका. हवा पूर्ण गेली त्या दिवशी मी आधी भिंत पाहिली, मग मिस्टरांचं तोंड. पण ते नेहमीचंच तोंड होतं. त्या वाक्याच्या वेळचं नव्हतं.

डोळा आला, पण पूर्वीचा नाही. दाराची चौकट मधे वाकते. रंग धुतल्यासारखे दिसतात. डॉक्टर म्हणाले, पडदा बसला हीच मोठी गोष्ट, थोडं वाकडं राहील. पुढं मोतीबिंदूही होईल, त्याचं बघू. सुईत दोरा ओवायला आता एक छोटं यंत्र मिळतं, ते आणलं. सरळ शिलाई मारताना नजरेवर भरवसा ठेवत नाही, बोटावर ठेवते. बारीक नक्षीची कामं सोडून दिली. बायका येतात. सांभाळून घेतात.

मिस्टरांची रजा संपली. यांना लांबची ड्युटी लागली. आज जातात ते परवा येतात. पहाटे डबा देताना मी दारात उभी राहते. ते वळून बघत नाहीत.

फोन करतात. "जेवलीस का? थेंब घातले का?" आम्ही पुन्हा तशी माणसं झालो. पिक्चरचं सांगा म्हटलं तर म्हणतात, "आता तुला दिसतंय की." खरंच आहे. दिसतंय. कुणाला सांगायला लाज वाटते, पण मला कधी कधी त्या फरशीची आठवण येते. यांचा तो अडखळणारा आवाज, कानाजवळ, दुपारभर. बरं झालेल्या माणसाला आजारपणाची हुरहूर लागावी, हे डॉक्टरांना विचारण्यासारखं नाही, म्हणून इथं लिहिते.

गेल्या आठवड्यात रेहाना म्हणाली, "वैनी, चला. नवा लागलाय." किती दिवसांनी थिएटरात गेले. रेहानानं मोसंबी सोलली. पडदा मधून जरासा वाकला होता, हिरॉईनचा एक गाल दुसऱ्यापेक्षा लांब दिसत होता. पिक्चर बरा होता. मधे एक बाई मुलाला गाडीत बसवून घरी येते आणि एकटीच ओट्यापाशी उभी राहते. कुणी बोलत नाही. नळ टपकतोय. पूर्ण थिएटर चिडीचूप.

मी वाट बघत राहिले. कान टवकारून. कुणीतरी आता सांगेल म्हणून. मिस्टर तेव्हा सोलापूरच्या पलीकडं कुठंतरी गाडीवर होते.

"रेहाना," मी हळूच म्हणाले, "कशी बघायली गं ती?"

रेहानानं दचकून माझा हात धरला. "दिसंना गेलंय का वैनी? परत काळं आलं का?"

"नाही गं," मी म्हणाले. "दिसतंय. सगळं दिसतंय."